विकसन करार आणि बांधकाम देयकांविषयीचे कायदेशीर वाद

विकसन करार म्हणजे जमिनीचा मालक आणि विकासक (बांधकाम व्यावसायिक) यांच्यात होणारा करार होय. या करारान्वये मालक आपली जमीन बांधकामासाठी उपलब्ध करून देतो. विकासक स्वखर्चाने इमारत उभारतो आणि मोबदल्यादाखल मालकाला बांधलेल्या क्षेत्रातील काही भाग, विक्रीच्या उत्पन्नातील हिस्सा किंवा ठरावीक रक्कम देतो. व्यवहारात अशा कराराला संयुक्त विकसन, सहयोग करार, संयुक्त उपक्रम किंवा 'जॉइंट व्हेंचर' अशीही नावे आहेत. इमारत प्रत्यक्ष बांधण्यासाठी विकासक बहुधा कंत्राटदार नेमतो आणि विक्रीयोग्य सदनिका ग्राहकांना विकतो. त्यामुळे एकाच भूखंडावर मालक व विकासक, विकासक व कंत्राटदार, विकासक व सदनिकाखरेदीदार असे किमान तीन निरनिराळे करार उभे राहतात. यांपैकी एक करार मोडला की त्याचा परिणाम उरलेल्या पक्षांवर होतो. मात्र प्रत्येकाचे कायदेशीर हक्क आणि दाद मागण्याचे ठिकाण वेगवेगळे असते. या वादांत कराराचे शीर्षक निर्णायक ठरत नाही. नियंत्रण कोणाकडे होते, नफातोट्याची जोखीम कोणाची होती आणि कोणी कोणाला काय देण्याचे मान्य केले होते, यावरून भारतीय न्यायालये पक्षांमधील नाते ठरवतात.

## स्वरूप व प्रकार

विकसन करारात जमिनीची मालकी सामान्यतः लगेच हस्तांतरित होत नाही. विकासकाला जमिनीवर प्रवेश करण्याचा, नकाशे मंजूर करून घेण्याचा, बांधकाम करण्याचा आणि आपल्या वाट्याच्या सदनिका विकण्याचा अधिकार मिळतो. त्यासाठी मालक विकासकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. मोबदल्याच्या स्वरूपावरून या कराराचे पुढील प्रकार पडतात.

* क्षेत्रविभागणी : बांधलेल्या क्षेत्राचा ठरावीक हिस्सा मालकाला आणि उरलेला विकासकाला मिळतो.
* उत्पन्नविभागणी : सदनिका विकून आलेली रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते.
* एकरकमी मोबदला : मालक ठरावीक रक्कम घेऊन सर्व विकसनहक्क विकासकाला देतो.
* पुनर्विकास : सहकारी गृहनिर्माण संस्था जुनी इमारत पाडण्यास देते. सभासदांना नव्या सदनिका, बांधकामाच्या काळातील पर्यायी घराचे भाडे आणि काही वेळा वाढीव निधी मिळतो. अतिरिक्त चटईक्षेत्रावर बांधलेल्या सदनिका विकून विकासक आपला खर्च व नफा वसूल करतो.

केवळ विक्री करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात स्पष्ट केले. मात्र विकसनाच्या खऱ्याखुऱ्या व्यवहारात विकासकाला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राला हा निर्णय बाधक नाही, असेही त्यात नमूद केले आहे.

महाराष्ट्रात विकसन करारावर मुद्रांक शुल्क भरणे आवश्यक असते. पुरेसे शुल्क न भरलेला दस्त पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. तथापि तेवढ्याने तो निरर्थक ठरत नाही आणि ही उणीव नंतर दूर करता येते. लवादाचे कलम असलेल्या अशा दस्तांविषयीचा दीर्घकाळचा मतभेद सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने १३ डिसेंबर २०२३ रोजी याच आशयाच्या निर्णयाने मिटवला.

## वादाची प्रमुख कारणे

जमिनीचा मालकीहक्क निर्दोष नसणे, वारसांचे किंवा भाडेकरूंचे दावे पुढे येणे आणि सात-बारा उतारा, मालमत्ता पत्रक व प्रत्यक्ष ताबा यांत विसंगती आढळणे ही सुरुवातीच्या टप्प्यावरील वादाची कारणे होत. मंजुरी मिळाल्यानंतर विलंब, निकृष्ट बांधकाम, मंजूर नकाशाबाहेरचे काम, पर्यायी घराचे भाडे थकणे आणि भोगवटा प्रमाणपत्र न मिळणे या तक्रारी दिसतात.

चटईक्षेत्र निर्देशांकात नंतर झालेली वाढ हे वादाचे एक वैशिष्ट्यपूर्ण कारण आहे. करार होताना जेवढे बांधकाम अनुज्ञेय असते, त्यापेक्षा अधिक बांधकाम नियम बदलल्यामुळे शक्य झाले, तर त्या वाढीव क्षेत्राचा लाभ कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. करारात 'सध्याचा व भविष्यातील' निर्देशांक असा उल्लेख असेल, तर त्याचे उत्तर करारातच मिळते. तो नसल्यास संपूर्ण कराराचा अर्थ लावण्याची जबाबदारी न्यायालयावर किंवा लवादावर येते.

## संयुक्त उपक्रम की सेवा?

संयुक्त उपक्रमात भागीदारीप्रमाणे दोन्ही पक्षांचे समान हित, व्यवसायावरील संयुक्त नियंत्रण आणि नफातोट्यातील वाटा अभिप्रेत असतो. जमीनमालक विकासकाचा खरोखरच भागीदार असेल, तर तो त्याच्याविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार करू शकत नाही. त्यामुळे ग्राहक आयोगांपुढे आलेल्या प्रकरणांत 'हा संयुक्त उपक्रम आहे' असा बचाव विकासक वारंवार घेत असत.

या प्रश्नावरील महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज या दिल्लीतील प्रकरणात दिला. त्यात मालकाने जुने घर पाडून नवी इमारत बांधण्यासाठी विकासकाशी सहयोग करार केला होता. तळमजला मालकाला आणि वरचे मजले विकासकाला, अशी विभागणी ठरली होती. मंजूर नकाशाचे उल्लंघन झाल्याची आणि पूर्णत्वाचा दाखला न मिळाल्याची मालकाची तक्रार होती. व्यवसायाच्या व्यवस्थापनात मालकाला कोणतेही स्थान नाही आणि विकासकाच्या नफ्यातोट्याशी त्याचा संबंध नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. असा करार वस्तुतः बांधकामाची सेवा आणि जमिनीतील हिश्शाची विक्री यांचे मिश्रण असतो. म्हणून मालक हा ग्राहक असून सेवेतील त्रुटीबद्दल तो दाद मागू शकतो, असे ठरवण्यात आले. करारात 'संयुक्त उपक्रम' हा शब्द वापरला, म्हणून त्याचे खरे स्वरूप बदलत नाही, हे या निर्णयाचे सार होय.

२०१६ साली बुंगा डॅनियल बाबू विरुद्ध श्री वासुदेव कन्स्ट्रक्शन्स या प्रकरणात हेच तत्त्व बहुमजली इमारतीला लावण्यात आले. मालकाचा वाटा ४० टक्के आणि विकासकाचा ६० टक्के होता. मालकाला अनेक सदनिका मिळणार असल्या, तरी केवळ त्या कारणाने तो ग्राहक या संज्ञेबाहेर जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. याउलट मालकाने विक्री, खर्च आणि निर्णय यांत प्रत्यक्ष सहभाग घेऊन नफातोटा वाटून घेतला असेल, तर तो व्यवहार खरा संयुक्त उपक्रम ठरू शकतो. अशा वेळी वाद दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे चालतो.

## गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास

महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील, विकसनविषयक वादांचा मोठा भाग जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाशी निगडित आहे. येथे जमीन व इमारत संस्थेची असते, परंतु घर रिकामे करून बाहेर पडणारे कुटुंब सभासदाचे असते. प्रकल्प रखडल्यास जुने घर पाडलेले, नवे अपुरे आणि भाडे बंद, अशा तिहेरी अडचणीत सभासद सापडतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) अन्वये राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली. ४ जुलै २०१९ रोजी तिच्यात सुधारणा करण्यात आली. वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमणे, व्यवहार्यता अहवाल तयार करणे, निविदा मागवणे आणि निबंधकाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत सर्वसाधारण सभेत विकासकाची निवड करणे हे या पद्धतीचे मुख्य टप्पे आहेत. विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यावी, अशी तरतूदही त्यात आहे.

अल्पमतातील सभासदांचा विरोध हा पुनर्विकासातील नेहमीचा वाद होय. संस्थेचा सभासद झाल्यावर व्यक्ती संस्थेच्या सामूहिक निर्णयाला बांधली जाते. म्हणून सर्वसाधारण सभेने रीतसर घेतलेला निर्णय रद्द झालेला नसेल, तर मोजके सभासद घर रिकामे करण्यास नकार देऊन प्रकल्प रोखू शकत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने गिरीश मूलचंद मेहता विरुद्ध महेश एस. मेहता या प्रकरणात ठरवले. हे सभासद करारावर स्वतः सही करणारे नसले, तरी लवाद अधिनियमाच्या कलम ९ खाली त्यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश देता येतो, असेही त्यात मान्य झाले.

विकासकाने करार पाळला नाही, तर संस्था करार रद्द करून दुसरा विकासक नेमू शकते. परंतु पहिल्या विकासकाकडून सदनिका विकत घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. अशा खरेदीदारांचा करार विकासकाशी असतो, संस्थेशी नसतो. त्यामुळे विकसन करार कायदेशीररीत्या संपुष्टात आल्यावर ते संस्थेकडून सदनिका मागू शकत नाहीत. त्यांची दाद त्या विकासकाविरुद्धच राहते. वैदेही आकाश हाउसिंग विरुद्ध न्यू डी. एन. नगर सहकारी गृहनिर्माण संस्था संघ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्वाळा दिला. पुनर्विकास प्रकल्पातील विक्रीयोग्य सदनिका घेणाऱ्याने मूळ विकसन करार वाचणे का आवश्यक आहे, हे या निर्णयावरून कळते.

## सदनिकाखरेदीदार आणि सहप्रवर्तक

महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीचे नियमन प्रथम १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमाने झाले. पुढे केंद्राचा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा लागू झाला. त्याखालील महारेरा हे महाराष्ट्रातील प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र बँक खात्यात ठेवून तो केवळ जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी वापरावा लागतो. अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी कामाची प्रगती प्रमाणित केल्यावरच त्यातून रक्कम काढता येते. एका प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळवल्याने कंत्राटदार व खरेदीदार या दोघांनाही फटका बसत असे. तो टाळणे हा या तरतुदीमागील हेतू आहे.

या अधिनियमानुसार बांधकाम करणारी आणि विक्री करणारी व्यक्ती वेगवेगळी असेल, तर दोघांनाही प्रवर्तक मानले जाते आणि त्यांची जबाबदारी संयुक्त असते. महारेराने अशा जमीनमालकांना व गुंतवणूकदारांना 'सहप्रवर्तक' म्हणून नोंदवण्याची पद्धत घालून दिली. खरेदीदाराचे पैसे प्रत्यक्ष न मिळालेला प्रवर्तकही परताव्यास जबाबदार ठरू शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली वाधवा ग्रुप हाउसिंग विरुद्ध विजय चोक्सी या प्रकरणात म्हटले. म्हणजे मालक व विकासक यांनी आपापसांत जबाबदारीची वाटणी कशीही केली, तरी केवळ तिच्या आधारे खरेदीदाराला दुसऱ्याकडे बोट दाखवून परत पाठवता येत नाही.

## बांधकाम देयकांचे वाद

### देयकांची पद्धत

कंत्राटदाराला कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. झालेल्या कामाची मोजमापे मोजमाप पुस्तकात नोंदवून तो चालू देयक सादर करतो. अभियंता किंवा वास्तुविशारद ते तपासून प्रमाणित करतो. त्यातून आगाऊ रकमेचा हप्ता, राखीव रक्कम आणि कर वजा करून उरलेले पैसे दिले जातात. उदाहरणार्थ, प्रमाणित काम ४० लाख रुपयांचे असेल आणि त्यातून ५ टक्के राखीव रक्कम व १० टक्के आगाऊ रकमेची वसुली कापायची असेल, तर अनुक्रमे २ लाख व ४ लाख वजा होऊन करापूर्वी ३४ लाख रुपये देय होतात. राखीव रक्कम दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते. या काळात आढळलेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. गळती किंवा भेगा दाखवून ही रक्कम अडकवून ठेवणे हे अनेक वादांचे मूळ असते.

### जादा काम

मूळ करारात नसलेले काम तोंडी सांगून करून घेतले जाते आणि देयक आल्यावर लेखी आदेश नसल्याचे कारण पुढे केले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या १९६१ सालच्या प्रकरणात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलेल्या बांधकामाला शासनाशी झालेल्या रीतसर कराराचा आधार नव्हता. तरीही या कलमाखाली कंत्राटदाराचा पैशाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मात्र जादा कामासाठी लेखी आदेश हवाच, असे करारात स्पष्ट असेल, तर कंत्राटदाराची बाजू दुबळी होते.

### मुदत, विलंब व नुकसानभरपाई

बांधकाम मुदतीत झाले नाही, म्हणून करार आपोआप संपत नाही. मुदत हा कराराचा गाभा होता का, हे संपूर्ण करारावरून ठरते. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७९ सालचा निर्णय याबाबत प्रमाण मानला जातो. नाशिक डाव्या कालव्यावरील जलसेतूचे काम १२ महिन्यांत पूर्ण न झाल्याने शासनाने करार रद्द केला होता. करारात मुदतवाढीची आणि विलंबाबद्दल दंडाची तरतूद असेल, तर मुदत हा गाभा असल्याचा उल्लेख निष्प्रभ ठरतो आणि करार थेट रद्द करणे चुकीचे ठरते, असे न्यायालयाने सांगितले.

करारात विलंबाबद्दल ठरावीक रक्कम लिहिलेली असली, तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. नुकसान सिद्ध करणे शक्य असेल, तेथे ते सिद्ध करावे लागते, हे कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निर्णयात स्पष्ट झाले. विलंब मालकामुळे झाला असेल, तर कंत्राटदारही भरपाई मागू शकतो. काम थांबले, तरी अभियंता, यंत्रसामग्री आणि पहारेकरी यांचा खर्च चालूच राहतो. तो मोजण्यासाठी हडसन, एमडेन व आयकले अशी सूत्रे प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणते वापरावे, हे लवादाने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मॅकडरमॉट इंटरनॅशनल विरुद्ध बर्न स्टँडर्ड या खटल्यात म्हटले.

### अंतिम देयक

अंतिम देयकाच्या वेळी 'आता कोणतीही मागणी शिल्लक नाही' अशा कागदावर सही घेण्याची प्रथा आहे. स्वेच्छेने दिलेली अशी पावती बंधनकारक असते. परंतु कबूल रक्कमही सहीशिवाय मिळणार नाही, असा दबाव आणून घेतलेली पावती वाद उपस्थित करण्याच्या आड येत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या २००८ सालच्या निर्णयात हे तत्त्व विशद केले आहे. केलेल्या कामाच्या पैशासाठी, देण्याची तारीख ठरलेली नसल्यास, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

बांधकाम देयके त्वरेने मिळवून देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने अशा वादावर सामान्यतः २८ दिवसांत तात्पुरता बंधनकारक निर्णय देण्याची व्यवस्था केली आहे. सिंगापूरमध्ये २००५ पासून याच धर्तीचा कायदा लागू आहे.

## कराराचे विशिष्ट पालन

पैशाऐवजी 'करार प्रत्यक्ष पूर्ण करून द्या' अशी मागणी विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ खाली करता येते. मालकाने मध्येच माघार घेतल्यास विकासकालाही अशी मागणी करता येते का, हा प्रश्न सुशील कुमार अगरवाल विरुद्ध मीनाक्षी साधू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१८ साली न्यायालयाने विकासकाचा हा मार्ग तत्त्वतः मोकळा असल्याचे मान्य केले. मात्र त्या करारात बांधकामाचे स्वरूप पुरेसे निश्चित नसल्याने प्रत्यक्षात ती मागणी मंजूर झाली नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीने ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेण्याचा आणि त्याचा खर्च कसूर करणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क नमूद केला.

## दाद मागण्याचे मार्ग

* लवाद : लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ नुसार करारात लवादाचे कलम असल्यास वाद लवादापुढे जातो. कलम ९ खाली न्यायालयाकडून तातडीचा अंतरिम आदेश घेता येतो.
* ग्राहक आयोग : ग्राहक या संज्ञेत येणारा जमीनमालक, संस्था किंवा खरेदीदार येथे जाऊ शकतो. करारातील लवाद कलम त्याला रोखू शकत नाही, हे २०१८ साली एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात निश्चित झाले.
* महारेरा : विलंब, परतावा, व्याज आणि ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत आढळलेले बांधकामातील दोष यांबाबत खरेदीदार येथे तक्रार करतात. कंत्राटदाराच्या थकीत देयकांसाठी हा मंच नाही.
* वाणिज्य न्यायालय : बांधकाम करार आणि संयुक्त उपक्रम करार यांतील ३ लाख रुपये व त्याहून अधिक मूल्याचे वाद २०१५ च्या अधिनियमाखाली येथे चालतात. तातडीच्या अंतरिम दिलाशाची मागणी नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी अनिवार्य आहे.
* फौजदारी तक्रार : सुरुवातीपासून फसवणुकीचा हेतू असेल, तरच हा मार्ग लागू पडतो. केवळ करारभंगाला फौजदारी स्वरूप देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा नापसंती व्यक्त केली आहे.

## विकासकाची दिवाळखोरी

दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली की अधिस्थगन लागू होते. या काळात कंपनीविरुद्धचे दावे, वसुली आणि तिच्या कब्जातील मालमत्ता परत घेणे थांबते. २०१८ पासून सदनिकाखरेदीदारांना वित्तीय धनको मानले जाते. कंत्राटदार मात्र परिचालन धनको असतो. देयकाबद्दल आधीपासून खराखुरा वाद असेल, तर त्याचा अर्ज फेटाळला जातो.

गोरेगाव येथील सिद्धार्थनगर, म्हणजेच पत्राचाळ, हे याचे बोलके उदाहरण होय. तेथील ६७२ भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि विकासक कंपनी यांच्यात २००८ साली त्रिपक्षीय संयुक्त विकसन करार झाला. काम रखडले आणि २०१७ साली कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये म्हाडाने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. राजेंद्र के. भुता विरुद्ध म्हाडा या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जमीन म्हाडाच्या मालकीची असली, तरी करारामुळे ती विकासकाच्या वहिवाटीत होती. त्यामुळे अधिस्थगनाच्या काळात ती परत घेता येत नाही. घरे सोडून गेलेले रहिवासी या व्यवहारात ना कर्जदार होते ना कर्ज देणारे. तरीही प्रकल्प रखडल्याची झळ त्यांना सोसावी लागली.

## हेही पहा

* महारेरा
* सहकारी गृहनिर्माण संस्था
* चटईक्षेत्र निर्देशांक
* लवाद
* म्हाडा